स्टेशनापलीकडची वसई

सुकेळी कशी होतात ठाऊक आहे तुम्हाला? राजेळी जातीची केळी घ्यायची, चांगली पिकू द्यायची, सोलायची, उन्हात मांडायची, संध्याकाळी झाकायची, सकाळी पुन्हा मांडायची. असे काही दिवस गेले की ती मधाच्या रंगावर येतात, मग केळीच्याच वाळक्या पानांत बांधायची. हे सगळं मी परवा रात्री अकरा वाजता आमच्या टीव्हीवर पाहिलं आणि ओरडलेच! सासूबाई दचकून उठल्या. पण ओरडू नको तर काय करू? ती केळी वाळत होती आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, आणि वसईत इतकी वर्षं राहूनही मला ती पहिल्यांदा दिसत होती.

गिरगावातली खोली सोडून आम्ही नव्वदच्या दशकात वसईला आलो, तेव्हा अशी कितीतरी मराठी कुटुंबं या लाइनवर येत होती. सकाळची चर्चगेट, संध्याकाळची विरार. वसईला उतरायचं तर खाडीचा पूल येण्याआधीच दाराशी सरकून उभं राहायला हवं, नाहीतर गर्दी तुम्हाला नालासोपारा दाखवणार. घरी यायचं ते अंधारात. त्यामुळे माझी वसई म्हणजे स्टेशन, भाजीबाजार आणि पाहुणे आले की किल्ला. उरलेली संध्याकाळ टीव्हीची. त्या टीव्हीवर आमचं गाव यायचं कधी? रुळांवर पाणी साचलं की. लोक गुडघाभर पाण्यातून चाललेत, खाली लाल पट्टी, संपली वसई!

आता निवृत्त झाले आहे. भाच्याने पेनएवढी एक काडी आणली आणि म्हणाला, "मावशी, ही टीव्हीच्या मागे खुपसायची, वायफायला जोडायची. मग रिमोटशी बोल." रिमोटशी काय बोलणार? मनात जे आलं ते बोलले : "वसई." आणि समोर आले सुनील डिमेलो. वसईचेच, कॅमेरा घेऊन वाड्यावाड्यांतून, कोळीवाड्यांतून हिंडणारे. इथली शेती, इथली चूल, इथली बोली, इथली माणसं. ते घाई करत नाहीत, समोरच्या माणसाला बोलू देतात, आणि मागे कर्कश संगीत लावून माणसाचं बोलणं बुडवत नाहीत, हे तर मला फारच आवडलं. एक व्हिडिओ संपला की शेजारी दुसरा तयार. निर्मळ, भुईगाव, गास, नंदाखाल, अर्नाळा! ही नावं मी आजवर फक्त एसटीच्या पाट्यांवर वाचली होती.

आणि कादोडी! कुपारी म्हणजे सामवेदी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण, धर्म वेगळे पण घरातली बोली ही एकच. गाडीत बायकांच्या डब्यात ती कानावर पडायची आणि मला वाटायचं, आपल्याला यातलं काही कळायचं नाही. आता व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, वाक्य तीनदा ऐकता येतं. तिसऱ्यांदा अर्थ लागतो आणि असा काही आनंद होतो म्हणता!

हे टीव्हीवर का नव्हतं, याचा विचार करत बसले आणि भाच्याला पिडलं. त्याने समजावलं ते असं. मनोऱ्यावरून एकच लहर निघते आणि ती सगळ्यांना एकाच वेळी तेच दाखवते. दिवसाचे तास चोवीस, त्यातले लोक घरी असतात ते संध्याकाळचे मोजके. त्यातला अर्धा तास कादोडीला द्यायचा तर बाकीच्या महाराष्ट्राचा काढून घ्यायला हवा. कोण देईल? इंटरनेटवर मात्र काही सेकंदांचे तुकडे करून व्हिडिओ ज्याचा त्याच्याकडे वेगळा येतो, नेट मंद असेल तर तोच तुकडा कमी स्पष्ट येतो. मी सुकेळी पाहिली म्हणून कोल्हापुरातल्या कुणाची मालिका बुडत नाही. एवढी साधी गोष्ट, पण माझी तर झोपच उडाली.

टीव्हीला नावं ठेवायची नाहीत हं मला. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि आमच्या पिढीला 'गजरा' मिळाला, प्रभावळकरांचे चिमणराव मिळाले, 'आमची माती, आमची माणसं'मुळे गिरगावात बसून शेतीही कळली. 'रामायण' 25 जानेवारी 1987 ला सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे. त्याचं चित्रीकरण झालं उंबरगावला, म्हणजे आमच्याच रेल्वे मार्गावर, डहाणूच्या पुढे, गुजरातची हद्द ओलांडली की लगेच. सगळा देश त्या पडद्याला हात जोडत होता! एकाच क्षणी सगळ्यांनी तेच पाहणं, ती मजा या काडीत नाही, हे खरंच.

पण गंमत पाहा, दूरदर्शनही इथेच येऊन बसलं आहे. सह्याद्री वाहिनीच्या जुन्या मुलाखती यूट्यूबवर आहेत आणि 20 नोव्हेंबर 2024 ला प्रसार भारतीने 'वेव्ज' नावाचं स्वतःचं ओटीटी गोव्यातल्या चित्रपट महोत्सवात सुरू केलं. पूर्वी एखादा कार्यक्रम हुकला की हुकला. आता जेवून, भांडी आवरून, पाय वर घेऊन पाहायचा.

जाहिराती मात्र इथेही आहेत, आणि ऐन वाक्यात शिरतात. शिवाय आठवडाभर केळीच पाहिली, तर यंत्राला वाटतं हिला फक्त केळीच हवीत. मग मुद्दाम मासळी शोधावी लागते. सासूबाईंचा साडेसातच्या मालिकेचा हक्क अबाधित आहे, तेव्हा काडी बंद. शेजारच्या काकू मात्र माझ्या बाजूच्या. त्यांची बहीण मस्कतला असते, तिने इथल्या भाचीचं लग्न तिकडे बसून थेट पाहिलं, बँडबाजासकट, आणि फोन करून नवरीची वेणी वाकडी आहे म्हणून सांगितलं!

आता मला एक कादोडी मालिका हवी आहे. रोज वीस मिनिटं. सासू-सून चालतील, पण भांडण वाडीच्या बांधावरून व्हायला हवं, स्वयंपाकघरात रेशमी साड्या नकोत, आणि खाली प्रमाण मराठीत अक्षरं. कुणी करणार असेल तर सासूबाईंना साडेसातच्या मालिकेवरून उठवायची जबाबदारी माझी.