ताळेबंदाबाहेरची माणसे

निलंग्यात आम्ही दोघे मराठी शिकवतो. जयंत पवार यांचे 'अधांतर' वर्गात चालू होते. संपानंतरच्या गिरणगावातील एका कुटुंबाची ही कहाणी. एका विद्यार्थिनीने मध्येच विचारले, "सर, ज्यांना इतके चांगले काम येत होते, त्यांना मालकांनी जाऊ कसे दिले?" प्रश्न भाबडा वाटला खरा, परंतु घंटा होईपर्यंत आम्हांला त्याचे उत्तर देता आले नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. वेतनवाढीबरोबरच बदली कामगारांना कायम करावे, हीही त्यांची मागणी होती. बदली कामगाराने रोज गिरणीच्या दारावर यायचे. कायम माणूस गैरहजर असेल तर काम मिळायचे, नसेल तर परत फिरायचे. तो संप मिटल्याचे रीतसर कधी जाहीर झालेच नाही. हजारो कामगार पुन्हा आत गेले नाहीत. आवाजावरून साच्यातला बिघाड ओळखणारे कान आणि तुटला धागा क्षणात सांधणारी बोटे बाहेरच राहिली. कापड विणणे मात्र थांबले नव्हते. ते भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे, कमी मजुरीकडे सरकत होते. म्हणजे कसब निरुपयोगी झाले नव्हते, ते महाग वाटू लागले होते. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली आणि साच्याखालची जमीन साच्यापेक्षा व साचा चालवणाऱ्यापेक्षा मोलाची ठरली.

आजच्या कंपन्या आपल्या अहवालांत 'मनुष्यबळ हीच आमची खरी संपत्ती' असे आवर्जून छापतात. वाणिज्य विभागातील एका स्नेह्याला आम्ही विचारले, ही संपत्ती ताळेबंदात कोठे दाखवतात? तो हसला. यंत्र मालमत्तेत धरले जाते. पगार खर्चात जातो. ज्यावर कंपनीचा ताबा असतो, तीच तिची मालमत्ता. कसब माणसाच्या हातात असते आणि हात संध्याकाळी घरी जातात. तर्क बिनतोड आहे. किंबहुना त्यात माणसाचा एक प्रकारचा सन्मानही आहे, कारण त्याच्यावर कोणाची मालकी नाही. परंतु अडचणीच्या वर्षी कात्री प्रथम चालते ती खर्चावर. आणि साच्यावाचून विणकराच्या कसबाचे मोल ते काय?

येथपर्यंतचे उत्तर त्या विद्यार्थिनीला देऊन आम्हांला मोकळे होता आले असते. परंतु शेजारच्याच वर्गात आमचे तिसरे सहकारी भाषाविज्ञान शिकवत होते. ते सेट उत्तीर्ण आहेत, पीएच.डी. आहेत आणि आमच्या विभागात हा विषय त्यांच्याइतका चांगला कोणालाही शिकवता येत नाही, हे आम्ही दोघेही जाणतो. ते बारा वर्षे तासिका तत्त्वावर आहेत. तास झाला तर मानधन. दिवाळीची सुटी आणि मे महिना कोरडा. नेमणूक त्या वर्षापुरतीच, म्हणून दरवर्षी नव्याने मुलाखत. गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली शिक्षक हे औद्योगिक विवाद कायद्यातील 'कामगार' नव्हेत, असा निर्णय दिला होता. त्यामुळे बदली कामगार म्हणण्याचीही सोय नाही.

गेल्या मुलाखतीला टेबलाच्या अलीकडे आम्ही होतो. काहीतरी विचारायचे म्हणून आमच्यापैकी एकाने विचारले, "आपला अध्यापनाचा अनुभव किती?" ते क्षणभर थांबले आणि शांतपणे म्हणाले, "बारा वर्षे, सर. आपल्यासमोरच." त्यानंतर आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही.

मालक वाईट होते, असे त्या मुलीला सांगणे सोपे होते. परंतु येथे मालक कोण? शासन पदे भरत नाही, संस्था शासनाकडे बोट दाखवते आणि आम्ही, ज्यांच्या नोकऱ्या शाबूत आहेत, नियमाप्रमाणे काम करतो. कसबाची किंमत ज्यांना कळते, तेच ते दरवर्षी नव्याने मोजून घेतात. यात क्रौर्य कोणाच्याच मनात नसते. म्हणूनच ते सहज घडते.

महिनाअखेरीस त्यांचे बिल आमच्याकडे सहीला येते. त्यात घेतलेल्या तासांसाठी रकाना आहे. बारा वर्षांसाठी नाही. आम्ही तास मोजतो आणि सही करतो.