बिळातला पाहुणा

पन्नाशी उलटल्यावर माणसाने नवा छंद धरू नये, असे आमच्या घरात एक मत आहे, आणि ते माझे नाही. ज्याने आयुष्यभर पुस्तकांखेरीज काही पाळले नाही, आणि त्यांनाही कसर लागू दिली, त्याने एकाएकी दोन फुटी काचेची पेटी विकत आणावी, तीत चिखल भरावा आणि त्या चिखलात बाजारात कोणी फुकटही घेणार नाही असा एक जीव आणून सोडावा, हे आमच्या सौभाग्यवतींना वयाचे लक्षण वाटले असावे. पण तसे त्यांनी बोलून दाखविले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "दिवाणखान्यात नको." तेव्हा पेटी माझ्या वाचनाच्या खोलीत आली.

लहानपणी मामांकडे मुंबईस गेलो असता मी तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते. 1951 साली उघडलेल्या त्या इमारतीतील अंधार, तो ओला गारवा आणि काचेपलीकडून माझ्याकडे ढुंकूनही न पाहणारे मासे यांची आठवण मनात कोठेतरी राहून गेली होती. पुढे रत्नागिरीस नोकरी लागली, समुद्र हाकेच्या अंतरावर आला, आणि मी तीस वर्षे त्याच्याकडे पाठ करून मुलांना इंग्रजी काव्य शिकवीत बसलो. मिरकरवाड्याच्या बंदरावर मी जात असे तो केवळ बांगड्यांसाठी. गेल्या वर्षी नवरात्र संपता संपता असाच गेलो असताना एका मासेवालीच्या टोपलीच्या तळाशी, कोळंबीच्या कचऱ्यात, मला दोन डोळे दिसले. ते देठांवर बसविलेले होते आणि एक डोळा मासेवालीकडे व दुसरा माझ्याकडे पाहत होता.

"ह्याचं काय करणार, मास्तर? हे कोणी खात नाही. खतात जातं. आणि अंगठा सांभाळा," ती म्हणाली.

तो मॅन्टिस श्रिंप होता. या नावातील दोन्ही शब्द खोटे आहेत. तो कोळंबी नव्हे आणि प्रार्थनाकीटकही नव्हे. खेकडे व कोळंबी यांच्या घराण्यापासून याचे घराणे सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वी वेगळे निघाले. प्रार्थनाकीटकाशी साम्य आहे ते पुढच्या दोन पायांचे. हात जोडल्यासारखे ते छातीशी दुमडलेले असतात, आणि प्रार्थना सोडून इतर सर्व गोष्टी त्यांनी केल्या जातात. आमच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या या जातीचे शास्त्रीय नाव पंडितांनी आजवर तीनदा बदलले आहे. सध्या ती मियाकेला नेपा म्हणून ओळखली जाते. लांबी वीतभराच्या आतच, अंग चपटे, रंग ओल्या खाकी कापडासारखा, आणि त्या दुमडलेल्या पायांना कंगव्याच्या दातांसारखे अणकुचीदार काटे.

पहिला पाहुणा तिसऱ्या दिवशी मेला. ही माझ्या हातून झालेली हत्या आहे, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. मी काळजी घेतली नव्हती असे नव्हे. भाट्याच्या किनाऱ्यावर काजळी नदीचे गोडे पाणी मिसळते, म्हणून मी मुद्दाम आरे-वाऱ्यापर्यंत जाऊन भरतीचे पाणी आणले. त्यातला गाळ बसावा म्हणून ते दोन रात्री निवळत ठेवले, आणि तेही आजोबांच्या वेळच्या तांब्याच्या हंड्यात. तांब्यातले पाणी आरोग्यास उत्तम, असे आमच्या घरी तीन पिढ्या मानीत आले आहेत. स्वच्छ धुतलेली पेटी, स्वच्छ धुतलेली वाळू, आरशासारखे पाणी. एवढ्या निर्मळ जागी कोणाला मरण येईल, अशी कल्पनाही माझ्या मनाला शिवली नाही.

चिरंजीव त्या वेळी घरी होते. होते म्हणजे आपल्या खोलीत होते. पुण्यास चांगल्या नोकरीवर असलेला आमचा मुलगा त्या वर्षी गणपतीला म्हणून आला आणि गणपती गेले तरी राहिला. कारण विचारले तेव्हा "सांगतो नंतर" एवढेच उत्तर मिळाले. ते 'नंतर' येईना. दार लोटलेले असे आणि दुपारी कधीतरी ताट रिकामे होई. मी निरनिराळ्या निमित्तांनी दार वाजवी. वर्तमानपत्र वाचलेस का, पंखा दुरुस्त करायचा आहे का, अमुक मित्राचा निरोप आहे. निमित्ते संपली की मूळ प्रश्न विचारी. परीक्षक म्हणून माझी ख्याती आहे. विद्यार्थी गप्प बसला की प्रश्न अधिक मोठ्याने विचारावा, हीच पद्धत मला ठाऊक होती.

पाहुणा मेला त्या दिवशी मात्र माझ्याकडे खरोखरीचा प्रश्न होता. उंबऱ्यातूनच मी म्हटले, "तो मेला. कशाने, ते कळत नाही."

थोड्या वेळाने चिरंजीव बाहेर आले. पेटी पाहिली, हंडा पाहिला, आणि पुन्हा आत गेले. रात्री जेवताना, कित्येक दिवसांत प्रथमच, तो आपण होऊन बोलला. "बाबा, एक तर तांबं. या जिवांना ते विष असतं. आणि दुसरं म्हणजे पाणी फार स्वच्छ होतं."

तांब्याची गोष्ट पुढे मी पुस्तकांतून पडताळून पाहिली. गंमत अशी की या प्राण्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य तांब्याचेच बनलेले असते, जसे आपले लोखंडाचे. तेच तांबे पाण्यातून अंगी आले की त्यास मारते. स्वच्छतेची गोष्ट समजायला मला अधिक वेळ लागला. जिवंत प्राणी पाण्यात अमोनिया सोडतो. समुद्रात त्याची वासलात लागते. पेटीत ती लावण्यासाठी सूक्ष्म जीवाणूंच्या दोन वसाहती व्हाव्या लागतात. एक वसाहत अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे नायट्रेट. पहिली दोन द्रव्ये घातक, तिसरे बरेचसे निरुपद्रवी. या वसाहती विकत आणलेल्या वाळूवर एका रात्रीत उभ्या राहत नाहीत. त्यांना आठवडे लागतात, आणि तोवर त्यांना खायला घालावे लागते.

अशा रीतीने, पेटीत कोणी नसताना, आम्ही तीत रोज कोळंबीचा एकेक तुकडा टाकू लागलो. "रिकाम्या पेटीला कोळंबी!" सौभाग्यवती म्हणाल्या. पेटीला वास आला. काच धुरकटली, वाळूवर तपकिरी साय धरली. चिरंजीव दर दोन दिवसांनी काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकीत आणि रंग पाहून वहीत आकडा लिहीत. अमोनियाचा हिरवा रंग चढला, मग उतरला. नायट्राइटचा जांभळा चढला आणि उतरेचना. मी रोज विचारी, "झाले का?" आणि रोज उत्तर येई, "नाही." अडतिसाव्या दिवशी दोन्ही नळ्या रंगाविना राहिल्या. त्यांतले पाणी मला पहिल्या दिवसाच्या पाण्यापेक्षा वेगळे दिसले नाही, हे कबूल करतो.

दरम्यान मी एक मूर्खपणा केला. या प्राण्याच्या डोळ्यांविषयी वाचून मी भारावून गेलो होतो. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी 3 प्रकारच्या, तर याच्या डोळ्यात 12 प्रकारच्या! वर्गात वर्डस्वर्थ बाजूला ठेवून मी मुलांना हे ऐकविले, आणि पाहुण्याला आपल्या योग्यतेचे काही पाहायला मिळावे म्हणून पेटीवर निळे-जांभळे दिवे बसविले. चिरंजीवांनी ते शांतपणे काढून ठेवले. ते 12 प्रकार प्रवाळखडकांवरच्या, लख्ख उन्हात राहणाऱ्या रंगीत भाईबंदांचे. आमचा पाहुणा गढूळ पाण्यातल्या चिखलात राहणारा, आणि त्याच्या कुळातील ज्यांचे डोळे तपासले गेले आहेत त्यांना बहुधा रंग दिसतच नाहीत. एवढ्यावर संपत नाही. 2014 साली 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्या 12 प्रकारवाल्यांचीही परीक्षा घेतली गेली, तेव्हा जवळजवळच्या छटांतला फरक ओळखण्यात ते माणसापेक्षा पुष्कळच कच्चे ठरले. तुलना करीत बसण्यापेक्षा रंग झटकन ओळखून मोकळे होणे हे त्यांच्या डोळ्यांचे काम असावे, असा त्या शास्त्रज्ञांचा तर्क. साधने अधिक म्हणजे समज अधिक, हा समज मी विद्यापीठात इतकी वर्षे बाळगून होतो, त्यामुळे मला याचे विशेष वाईट वाटले नाही.

डिसेंबरच्या मध्यास दुसरा पाहुणा आला. वीतभर खोल वाळू व चिखल, त्यात यू आकाराची पुरलेली प्लास्टिकची नळी, बाकी काही नाही. सोबतीला मासाही नाही, कारण सोबती म्हणजे भोजन. "हा काच फोडील का?" सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न अडाणी नव्हता. इंग्लंडात ग्रेट यार्मथच्या मत्स्यालयात 1998 साली एकाने काच फोडल्याची बातमी गाजली होती. पण तो ठोसा मारणाऱ्या जातीचा. त्या जातीच्या ठोशाचा वेग सेकंदाला 23 मीटरपर्यंत जातो, असे 2004 साली कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी मोजून दाखविले. त्या वेगाने पाण्यात पोकळ बुडबुडे उत्पन्न होतात, आणि ते फुटताना सावजाला दुसरा तडाखा बसतो. आमचा पाहुणा भालेवाला. चपळ सावजामागे लागणारा म्हणून भालेवाला अधिक वेगवान असेल असेच कोणालाही वाटेल. 2012 साली मोजले गेले तेव्हा भालेवाले बरेच मंद निघाले. अर्थात कोळंबीच्या तुकड्याला तो मंदपणा उपयोगी पडत नाही. चिमटा बिळाच्या तोंडाशी नेला की तुकडा नाहीसा होई. मधले काही मला कधीच दिसले नाही.

रोज संध्याकाळी आम्ही दोघे पेटीपुढे बसू लागलो. पाहुणा बिळातून डोळे तेवढे बाहेर काढी. त्याचा प्रत्येक डोळा वेगळा फिरतो आणि एकटाच अंतर जोखू शकतो. जो जोखला जात होता तो मी होतो. चिरंजीव पाण्याच्या खारटपणाविषयी बोलत आणि उठून आपल्या खोलीत जात. दार पुन्हा लोटले जाई.

फेब्रुवारीत एके दिवशी बिळाचे तोंड चिखलाने बंद झालेले दिसले. दोन दिवस गेले, चार गेले. कोळंबीचा तुकडा तसाच पडून राही. सहाव्या दिवशी मी सौभाग्यवतींची विणायची सुई घेऊन पेटीपुढे उभा राहिलो. मेला असेल तर पाणी नासेल, आणि जिवंत असेल तर निदान कळेल.

"बाबा, उकरू नका," मागून आवाज आला. "कात टाकत असेल. आत्ता त्याचं अंग मऊ असतं. मारायची हत्यारंसुद्धा मऊ. म्हणून दार लावून घेतो."

"आणि मेला असेल तर?"

"तर उकरून काय करणार?"

तो हे पेटीकडे पाहून म्हणाला की माझ्याकडे, ते मी पाहिले नाही. सुई मात्र परत ठेवून आलो. त्या रात्री ताट घेऊन गेलो तेव्हा दार न वाजविता ते बाहेरच्या स्टुलावर ठेवले.

नवव्या रात्री मी पेटीपुढे एकटाच बसलो होतो. चिरंजीव येऊन शेजारी बसले, आणि पुण्यास काय झाले ते त्यांनी सांगितले. सांगायला दीड तास लागला. मी एकही प्रश्न विचारला नाही, आणि माझ्या व्यवसायातील माणसाला ते किती जड गेले हे माझे व्यवसायबंधू जाणतील. जे सांगितले ते येथे लिहिण्याचे कारण नाही.

बारा दिवसांनी बिळाचे तोंड उघडले. प्रथम डोळे आले, मग बिळाच्या कडेवर आपलेच रिकामे कवच ढकलीत पाहुणा आला. खाकी रंग जाऊन अंगावर कोवळी हिरवट झाक आली होती. रिकाम्या कवचाचे डोळेही जागच्या जागी होते.

एप्रिलात चिरंजीव कोल्हापुरास नव्या कामावर रुजू झाले. जाताना पेटीच्या काचेवर एक कागद चिकटवून गेले: पाणी आटले की गोडे पाणीच घालावे, समुद्राचे नाही, कारण पाणी उडून जाते, मीठ राहते. खाऊ आठवड्यातून तीनदाच. तांब्याचे भांडे जवळ आणू नये. बीळ बंद दिसल्यास वाट पाहावी.

परवा कॉलेजातून लवकर परतलो तर खोलीत दिवा नव्हता. सौभाग्यवती पेटीपुढे पाटावर बसल्या होत्या, आणि त्यांच्या हातात स्वयंपाकघरातला चिमटा होता. मी काही विचारणार तोच त्यांनी मागे न पाहता हात वर केला.

"हळू बोला," त्या म्हणाल्या, "आत्ता कुठे डोळे काढलेत."