स्पीकर पाहायला जाताना

बाजारातल्या बहुतेक वस्तू डोळ्यांनी घेता येतात. पातळाचा पोत बोटांनी कळतो, भांड्याची जाडी टिचकीने कळते, आंबा नाकाने कळतो. स्पीकर मात्र कानांनीच घ्यावा लागतो, आणि कान हे भारी भोळे. दुकानदाराने आवाज जरा चढवला की त्यांना वाटते, वा, काय सुरेख वाजते! नुसता मोठा आवाज हाच चांगला आवाज वाटावा, हा कानांचा जन्मजात स्वभाव आहे. दुकानदारांना तो पक्का ठाऊक असतो.

आमच्या अचलपुरात आम्हाला स्पीकरची जोडी हवी होती, ती दोन कामांसाठी. एक काम माझे आणि एक ह्यांचे. ह्यांचे काम सोपे. संध्याकाळी चहा झाला की जुनी गाणी ऐकायची. नागपूर आकाशवाणी १९४८ साली सुरू झाली आणि विविध भारती १९५७ साली. त्या दोन्ही केंद्रांवर ह्यांचे कान पोसलेले. माझे काम जरा किचकट होते. १९८७ च्या दिवाळीत धाकट्या दिरांनी टेपरेकॉर्डर आणला होता. सासूबाई डाळ दळायला बसल्या असताना त्यांनी तो जात्याशेजारी ठेवून दिला. दळण चार दिवस चालले आणि सहा कॅसेटी भरल्या. सासूबाई जाऊन आता वीस वर्षे होतील. कॅसेटीची फीत काही अमर नसते. दोन कॅसेटी बुरशीने धरल्याच होत्या. तेव्हा त्या संगणकावर उतरवून घ्यायच्या, खरखर काढायची आणि एकेक ओवी वेगळी करून मुलानातवंडांना द्यायची, असे मी निवृत्तीनंतर मनात घेतले. ऑडॅसिटी नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. भाच्याने तो शिकवला आणि मी शिकले. चाळीस वर्षे व्याकरण शिकवलेल्या बाईला काटछाट नवी नाही.

मुलाने टीव्हीखाली ठेवायला एक लांबोडा स्पीकर पाठवला होता. पहिली कॅसेट मी त्याच्यावरच लावली. जाते असे घुमले की कपाटातल्या कपबशा वाजल्या. त्या घुमण्याच्या आतून कुठून तरी सासूबाई गात होत्या, पण आवाज जाडजूड, भारदस्त, नाटकातल्या राणीसारखा. हे दारात उभे राहून ऐकत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "हा मायचा आवाज नोय." आणि आत निघून गेले.

मला ते फार लागले. मुलांना आजी आठवते ती अंधुक. उद्या त्यांना हीच भारदस्त बाई आपली आजी वाटली तर? यंत्राने आवाज गोड केला किंवा दणदणीत केला तर गाण्याचे फारसे बिघडत नाही. पण ज्या माणसाचा दुसरा आवाज आता मिळणार नाही, त्याच्या बाबतीत ती लबाडी चालायची नाही.

स्पीकरची रचना तशी साधी. एक चुंबक, त्यात तारेचे वेटोळे, वेटोळ्याला चिकटलेला कागदाचा शंकू. वीज हेलकावते तसा शंकू हलतो आणि हवा ढकलतो. राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन इंजिनिअरांनी १९२५ साली ही रचना बसवली, ती मुळात आजही तशीच आहे. लबाडी शिरते ती पुढे. घरगुती स्पीकर बहुधा खालचे सूर फुगवतो आणि वरचे चकाकवतो, कारण तेच कानाला पटकन आवडते. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओतला स्पीकर जे असेल तेवढेच दाखवायचा प्रयत्न करतो. त्याला मॉनिटर म्हणतात.

यात एक मजेची गोष्ट आहे. यामाहा कंपनीने १९७८ साली एनएस-१० नावाचा पांढऱ्या शंकूचा स्पीकर काढला, तो घरच्या संगीतासाठी. घरच्या लोकांना तो रुचला नाही. रुक्ष आणि कर्कश वाटला. पण स्टुडिओवाल्यांनी तो उचलला. मुद्रणातले दोष तो निर्दयपणे उघडे करी, आणि याच्यावर बरे वाजले ते कुठेही बरे वाजेल, असा त्यांचा अनुभव. पुढे जगभरच्या स्टुडिओंत ते पांढरे शंकू दिसू लागले. कर्कशपणा सोसवेना तेव्हा लोकांनी वरच्या छोट्या स्पीकरवर पातळ टिश्यूपेपर चिकटवले! २००१ साली त्याचे उत्पादन थांबले. मला तो स्पीकर शाळेतल्या एखाद्या कडक बाईंसारखा वाटतो. कॉपी तपासायला त्यांच्याकडेच द्यावी, पण संध्याकाळी चहाला त्यांना बोलवावे का, हा प्रश्नच.

आमची अडचण नेमकी हीच होती. कॉपी तपासणारा आणि चहाला येणारा पाहुणा एकच हवा होता. दोन जोड्यांना घरात जागा नव्हती आणि ह्यांच्या पेन्शनलाही ते मानवणारे नव्हते.

परतवाड्यातल्या एका दुकानात गेलो. पोरगा उत्साही. "काकू, बास पाहा न! भिंत हालते भिंत." मी म्हटले, "बाबा, भिंत जागेवर राहू दे, मला बाईमाणूस ऐकायचे आहे." पुढे अमरावतीच्या दुकानात मॉनिटर सापडले. तिथे मी पेनड्राइव्हवर घरून तीन गोष्टी नेल्या होत्या: सासूबाईंची एक ओवी, ह्यांच्या आवडीचे एक गाणे, आणि ह्यांच्याच आवाजातले वर्तमानपत्राचे वाचन. ते आदल्या दिवशी मोबाइलवर मुद्रित केले होते. ओळखीच्या माणसाच्या बोलण्यासारखी स्पीकरची दुसरी परीक्षा नाही. गाण्यातली सारंगी मुळात कशी वाजली होती हे आपण कुठे ऐकलेले असते? पण पंचेचाळीस वर्षे ऐकलेला नवऱ्याचा आवाज कोणत्या स्पीकरवर पडशाचा येतो आणि कोणत्या स्पीकरवर पुढाऱ्याचा, हे बायकोला क्षणात कळते. दर वेळी आवाज सारखाच ठेवायला मी दुकानदाराला बजावले. नाहीतर जो मोठा वाजेल तोच जिंकायचा.

शेवटी पाच इंची शंकूची एक जोडी ठरली. अॅम्प्लिफायर तिच्या पोटातच आहे. बिनतारी स्पीकर मी नको म्हटले, कारण त्यात आवाज क्षणभर उशिरा पोचतो. पडद्यावरची रेघ पुढे जाते आणि ओवी मागून येते, मग कात्री नेमकी कुठे लावायची? ह्यांनी आपले गाणे पूर्ण ऐकले आणि "बोलतो बरा" एवढा अभिप्राय दिला. ह्यांच्या तोंडून ही बरीच मोठी शाबासकी.

घरी आणल्यावर निम्मे काम जागेचे निघाले. कोपऱ्यात ठेवले की जाते पुन्हा घुमू लागे, कारण कोपरा खालचे सूर वाढवून परत देतो. हात-दीड हात पुढे ओढले आणि पाठीमागचे खालच्या सुरांचे बटण थोडे उतरवले. दोन स्पीकर आणि माझे डोके असा समभुज त्रिकोण केला. खोली चौकोनी, सिमेंटची, फरशी गुळगुळीत. टाळी वाजवली तर टणत्कार येई. जमिनीवर सतरंजी अंथरली, भिंतीला सासूबाईंनीच शिवलेली वाकळ टांगली, आणि खोली शहाण्यासारखी गप्प झाली. आवाजाच्या बटणाजवळ मी एक टिकली लावून ठेवली आहे. आवाज लहान केला की कानाला खालचे सूर जास्तच कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच हे मोजून दाखवले. म्हणून काम करताना बटण टिकलीपाशीच. ह्यांच्या गाण्यांना टिकलीचे बंधन नाही.

वऱ्हाडच्या उन्हाळ्यात मात्र हे सारे शास्त्र कूलरपुढे हात टेकते. एप्रिल ते जून मी पहाटे पाचलाच बसत असे.

आता प्रश्न आला जात्याचा. भाचा म्हणाला, "मामी, ती घरघर काढून टाक, आजी कशी स्वच्छ ऐकू येईल." मी करून पाहिले. प्रोग्रॅम घरघरीचा नमुना घेतो आणि सगळीकडून तेवढी वजा करतो. फार वजा केली तर गाणारे माणूस पाण्याखालून बोलल्यासारखे होते. टीव्हीखालच्या स्पीकरवर ते कळलेही नसते. इथे लगेच कळले. शिवाय जाते गेले आणि ओवीचा तालच गेला. सासूबाई खुंट्याच्या फेऱ्यावर श्वास घेत. फेरा ऐकूच आला नाही तर त्या मध्येच का थांबतात हे कोणाला समजणार? हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या बायकांच्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातली मुद्रणे ऐकताना मला हेच जाणवले होते, की बाई आणि जाते मिळून गातात. तेव्हा फितीची सळसळ थोडी कमी केली, विजेची गुणगुण काढली, जाते ठेवले. शकुंतलेची शिटीही ठेवली. आमची ही छोट्या रुळांची गाडी १९९४ पर्यंत वाफेवर चाले. आता तर ती धावतच नाही.

ह्यांनी पहिली ओवी ऐकली ती उभ्यानेच, दारातून. मग आत येऊन बसले. मध्ये एके ठिकाणी सासूबाई गाणे थांबवून हाक मारतात, "काय करून राह्यला रे बापू तिकडे?" तिथे हे नकळत "काही नाही," म्हणाले. मी पडद्याकडेच पाहत राहिले.

चौथ्या कॅसेटीत एक नवीच गंमत निघाली आहे. सासूबाईंच्या मागून आणखी एक बारीक आवाज ओवी धरतो. आजवर तो कोणालाच ऐकू आला नव्हता. जाते जड, म्हणजे खुंट्याला दुसरा हात असणार हे खरेच. हे म्हणतात ती शेजारची काकू. नणंदबाई फोनवर ऐकून म्हणाल्या, काकू नव्हे, आमची मोठी आत्या. फोनवरच्या ऐकण्याला मी पुरावा मानत नाही. त्या दिवाळीला येणार आहेत. त्रिकोणाच्या टोकाशी त्यांची खुर्ची मी आत्ताच मांडून ठेवली आहे.