कोठीतील विमान

आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थांनी मिस्सेनंतर आम्हांस गाठले. "फादर, या पोराले तुम्हीच समजावा जी. कोठीत विमान बांधून राह्यला!" मुलाला वैमानिक व्हायचे होते, परंतु रंग ओळखण्यातील दोषामुळे तो वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरला होता. जे मिळणार नाही, त्याचे खेळणे करून काय साधणार? अमरावतीतील त्या घरी आम्ही गेलो ते उपदेशाची शिदोरी घेऊनच.

कोठीत अकोल्याच्या भंगार बाजारातून आणलेली मोटारीची बैठक होती. पुढे सुकाणूचे चाक, पायांशी लोखंडी पेडल. मुलाने सारे शांतपणे उलगडून सांगितले. पेडल दाबले की त्याच्या आसाला जोडलेला पोटेन्शिओमीटर फिरतो व विजेचा दाब बदलतो. आर्डुइनोचा छोटा बोर्ड तो बदल 0 ते 1023 या अंकांत मोजून संगणकाला कळवितो आणि पडद्यावरील विमान नाक वळविते. "आकडा थरथरला तर विमानही थरथरतं, फादर. म्हणून आधी मध्यबिंदू नीट लावावा लागतो."

त्यानेच आम्हांस एडविन लिंक या अमेरिकन गृहस्थाची हकीकत सांगितली. वडिलांच्या कारखान्यात ऑर्गन बनत. त्या ऑर्गनच्या भात्यांची युक्ती वापरून लिंकने 1929 साली जमिनीवरच डोलणारे विमान घडविले. लोकांनी ते जत्रेतील खेळणे मानले. 1934 साली टपाल वाहणारे लष्करी वैमानिक खराब हवामानात मृत्युमुखी पडू लागले, तेव्हा अमेरिकन सैन्याने तशी सहा यंत्रे विकत घेतली.

ऐकता ऐकता आम्हांस सेमिनरी आठवली. गुरुदीक्षेपूर्वी आम्हीही रिकामा चषक हाती घेऊन मिस्सेचा सराव करीत असू. त्यास कोणी खेळणे म्हटले नाही. परंतु आमचा सराव एके दिवशी वेदीपाशी पोहोचला. याचा कोठे पोहोचणार? हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. त्यानेच ते ओळखले.

"बाबांना वाटतं, मी स्वतःला फसवतोय. तसं असतं तर या बटणांना मी रंग दिले असते. मी आकार दिलेत. खऱ्या विमानातही चाकं उतरवायच्या दांडीची मूठ चाकासारखी असते, हातालाच कळतं."

आम्ही शिदोरी न सोडताच परतलो.

पुढे पवित्र आठवड्यातील बुधवारी, 16 एप्रिल 2025 रोजी, बेलोरा विमानतळावरून अमरावती-मुंबई विमानसेवा सुरू झाली. अलायन्स एअरचे एटीआर-72 पाहण्यास बापलेक बरोबर गेले होते. पास्काकाळात घरे आशीर्वादित करीत आम्ही तेथे पोहोचलो, तेव्हा वडिलांनीच कोठीचे दार उघडले. "फादर, या कोठीतबी पवित्र पाणी शिंपडा जी. काल म्या उतरवलं विमान. जरा आदळलं."

भिंतीवर लोरेटोच्या मातेचे चित्र होते. 1920 साली पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी तिला वैमानिकांची आश्रयदाती घोषित केले. कारण परंपरा सांगते की, देवदूतांनी नाझरेथचे पवित्र घरच उचलून तेथे नेले. ज्या मातेचे घर आकाशातून गेले, तिला ही कोठी परकी कशी वाटेल? आम्ही पवित्र पाणी शिंपडले. तारा तेवढ्या जपून.