नजरेची कड

पहिली कसारा लोकल आटगावला सोडते तेव्हा उजाडलेलं नसतं. तिथून तानशाच्या जंगलात रानपिंगळा शोधायला जायचं, हा माझा कित्येक हिवाळ्यांचा परिपाठ. १८८४ नंतर शतकभर हा पक्षी कुणाला सापडलाच नव्हता. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला आणि २०१४ मध्ये इथे तानशात नोंदला गेला. ज्या तलावाचं पाणी मुंबईच्या नळांना येतं, त्याच्या काठच्या रानात तो होता आणि आपल्या ध्यानीमनीही नव्हतं!

सुरुवातीला मी दुर्बीण लावून झाड न् झाड चाळत असे. हाती काही लागत नसे. हात लांब करून अंगठा धरा. त्याच्या नखाएवढंच काय ते डोळ्याला खरं स्पष्ट दिसतं, बाकी सगळं अंधूक. एवढ्याशा खिडकीतून अख्खं रान कधी बघून व्हायचं? आणि दुर्बीण तर आजूबाजूचं सगळंच झाकते.

वाडीतल्या एका काकांबरोबर हिंडलो तेव्हा उमगलं. ते कशाकडेच रोखून बघत नसत. नजर सैल सोडून चालायचे आणि एकदम थांबायचे. "तिथं हललं." एवढंच. डोळ्याच्या कडेला ठिपके-पट्टे कळत नाहीत, हालचाल मात्र लगेच कळते. रानपिंगळा दिवसाढवळ्या शिकार करतो, बसल्या जागी शेपटी आडवी झटकतो. ती झटकच कड टिपते. म्हणून सागाची पानं गळल्यावर जावं, आणि वारा नसताना. वाऱ्यात सगळंच हलतं.

हललं की नजर तिथेच खिळवायची आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. दुर्बिणीकडे खाली पाहिलंत की जागा हरवली. हे हाताला बसायला मला दोन हिवाळे लागले. आता ती नखाएवढी खिडकी हवी. साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. हे कडेला कधीच दिसायचं नाही.

गेल्या माघात असाच एक समोर बसला होता. पिंगळ्याचे डोळे खोबणीत फिरत नाहीत. बघायचं तर मान वळवावी लागते. त्याची मान माझ्यावरून सावकाश पुढे सरकली. मी श्वास धरून उभा. तेवढ्यात माझ्या मागे वाळक्या पानांत सरडा खसखसला, आणि ती मान गर्रकन परत फिरली.