नाही सांगणारं माणूस

अमेरिकेतल्या मराठी घरात चार कुटुंबं जेवायला जमली की श्रीखंडापर्यंत गप्पा मुलांच्या शाळेच्या आणि घरांच्या किमतींच्या चालतात. ताटं उचलली की गाडी प्रायॉरिटी डेटवर, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या आपल्या तारखेवर येते. कुणाची तारीख पुढं सरकली, कुणाची मागं गेली, कुणाचा मेव्हणा मुंबई सोडून हैदराबादला व्हिसा स्टॅम्पिंगला गेला आणि त्याचं काम कसं चुटकीसरशी झालं. प्रत्येकाजवळ एक किस्सा आणि प्रत्येक किश्श्याला एक तात्पर्य. कायद्याचं पुस्तक आमच्यापैकी कुणी उघडलेलं नाही, पण या एका विषयात आम्ही सगळे वकील.

याला कारणही आहे. नोकरीच्या आधारावर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि ढोबळमानानं त्यातली ७ टक्क्यांहून अधिक एका देशाच्या वाट्याला जात नाहीत. १९९० च्या कायद्यानं बसवलेलं हे गणित. मर्यादा भारताला जेवढी, तेवढीच आइसलँडला. त्यामुळे भारतात जन्मलेला इंजिनिअर दहा वर्षांहूनही अधिक काळ ताटकळत राहतो. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला रांग कुठवर आली ते सांगणारं व्हिसा बुलेटिन काढतं आणि आम्ही ते पंचांगासारखं उघडतो. इतकी वर्षं रांगेत काढली की माणसाला रांगेचे नियम तोंडपाठ होतात. आपल्या पुढच्याला लागू पडलेला नियम आपल्याला लागू पडेलच असं नाही, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येतं.

आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाचे कार्यक्रम भाड्यानं घेतलेल्या हायस्कुलात होतात. नाटक ऑडिटोरियममध्ये, जेवण कॅफेटेरियात. त्या कॅफेटेरियाच्या अगदी टोकाच्या टेबलापाशी गेली काही वर्षं एक वकीलबाई बसतात. इमिग्रेशन हाच त्यांचा व्यवसाय. एरवी त्यांच्या तासाचा दर ऐकून माणूस खुर्चीतून उठेल, पण इथं सल्ल्याचे पैसे लागत नाहीत. सगळे त्यांना ताई म्हणतात, वयानं मोठे असलेलेही. टेबल टोकाचं का, तर शेजारच्या पंगतीला काही ऐकू जाऊ नये म्हणून. फी घेतली नाही म्हणून गुप्तता सुटत नाही, हे त्या संयोजकांना दर वेळी बजावतात. मी चहाच्या काउंटरवर असतो. तिथं काय बोललं जातं ते मला कळत नाही. उठून आलेली माणसं चहा पिताना आपणहून जे सांगतात तेवढंच कळतं.

माझा एक मित्र बायकोच्या वर्क परमिटचं विचारायला गेला होता. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या एच-वन या नोकरीच्या व्हिसाच्या आधारावर, आलेल्या बायकोला २०१५ पासून काही अटींवर नोकरी करता येते, त्या अटींचा प्रश्न होता. ताईंनी त्याचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘ते बघू. आधी तुमचा आय-नाइंटीफोर काढा फोनवर.’’ आय-नाइंटीफोर म्हणजे देशात कधीपर्यंत राहता येईल याची नोंद. त्याला नवल वाटलं. कंपनीनं नुकतीच मुदतवाढ करून घेतली होती, मंजुरीच्या कागदावर तीन वर्षं पुढची तारीख होती. पण मधल्या काळात तो पुण्याला जाऊन आला होता आणि परतताना त्याचा पासपोर्ट संपत आला होता. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट संपतो तिथपर्यंतचाच प्रवेश दिला होता. २०१३ पासून विमानानं येणाऱ्यांच्या हातात आय-नाइंटीफोरचा कागद पडत नाही; नोंद संगणकात होते आणि ती आपण होऊन पाहिली तरच दिसते. मित्रानं पुढं नवा पासपोर्टही काढला होता, पण त्यानं ही तारीख आपोआप पुढं जात नाही. आणि शेवटचा आय-नाइंटीफोर तोच खरा. ती तारीख दीड महिन्यावर आली होती.

ती उलटून गेली असती तर त्याला कुणी काही बोललं नसतं. पगार येत राहिला असता, मुलं शाळेत गेली असती. बेकायदा वास्तव्याचे दिवस मात्र मुकाट्यानं मोजले गेले असते. १९९६ च्या कायद्याप्रमाणे असे १८० दिवस ओलांडून माणूस देशाबाहेर पडला तर तीन वर्षं परत येण्यावर बंदी आणि वर्ष भरलं तर दहा वर्षं. वेळेत अर्ज केला तर हे सगळं टळतं. त्याचं टळलं. त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की नाही, हे त्याला पुढं आठवलंही नाही.

माझ्या मनात मात्र एक गोष्ट राहिली. मित्राच्या कंपनीला वकील होताच, चांगला नावाजलेला. मग हे त्याच्या नजरेतून कसं सुटलं? ताईंचं म्हणणं असं की तो वकील कुणाचं काम करतो ते आधी बघा. आपण ‘माझा एच-वन’ म्हणतो, पण अर्ज कंपनीचा असतो. आपण त्या अर्जातले लाभार्थी. वकिलाचं बिल कंपनी भरते. सगळं सुरळीत असेल तोवर कंपनीचं हित आणि आपलं हित एकाच रस्त्यानं चालतं. २०२२ च्या नोव्हेंबरपासून मोठमोठ्या कंपन्यांत माणसं कमी व्हायला लागली, तेव्हा रस्ता कुठं फुटतो ते अनेकांना दिसलं. नोकरी गेल्यावर एच-वनवाल्याच्या हाती जास्तीत जास्त ६० दिवस असतात, आय-नाइंटीफोर आधी संपत असेल तर त्याहून कमी. त्या दिवसांत कंपनीच्या वकिलाला फोन करून उपयोग नसतो.

असा विचार करत गेलं की आपल्याला उत्तर देणाऱ्या प्रत्येकाचा त्या उत्तरात काही ना काही वाटा दिसायला लागतो. कन्सल्टन्सीवाल्याला माणूस जागेवर बसवायचा असतो, त्यामुळे त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला ‘हो जाएगा’ असतं. मित्राला स्वतःचा किस्सा खरा ठरवायचा असतो. फी घेणारा वकील प्रामाणिक असला तरी केस घेणं हे त्याचं पोट आहे. ताईंना मात्र आमच्या होकारातून काही मिळत नाही आणि नकारातून काही जात नाही. म्हणूनच त्यांनी ‘नाही, हे होणार नाही’ असं म्हटलं की माणसं वाद घालत नाहीत. तेच वाक्य दुसऱ्या कुणी उच्चारलं असतं तर ती आणखी तीन ठिकाणी विचारायला गेली असती.

जोडपी येतात तेव्हा आणखी एक गोष्ट मी काउंटरवरून पाहतो. दोघं बसतात, नवरा बोलतो, बायको फाइल धरून असते. थोड्या वेळानं नवरा एकटाच उठून माझ्याकडे येतो. ‘‘ताईंनी चहा आणायला पाठवलंय.’’ मी चहा मुद्दाम सावकाश गाळतो. एच-फोर हा नवऱ्याच्या एच-वनला बांधलेला असतो. घटस्फोट झाला की तो आधार संपतो. हे माहीत नसलेल्या बायका आहेत आणि हेच धमकी म्हणून ऐकलेल्याही आहेत. त्या पाच मिनिटांत कुणी काय विचारलं ते मला कधीच कळणार नाही. बहुतेकींना काही विचारायचं नसेलही. पण ज्या एखादीला विचारायचं असेल तिला नवऱ्याच्या ओळखीचा नसलेला, नवऱ्यानं पैसे न दिलेला वकील पाच मिनिटं तरी मिळतो.

आम्ही तरी शिकलेली, इंग्रजी येणारी, पगारदार माणसं. खरा अंधार आहे तो इमिग्रेशन कोर्टात. अमेरिकेत चोरीच्या आरोपीला वकील परवडत नसेल तर सरकारनं द्यायचा, हे १९६३ च्या गिडियन खटल्यापासून ठरलेलं आहे. हद्दपारीचा खटला मात्र दिवाणी समजला जातो. तिथं वकील लावायचा हक्क आहे, पण सरकारच्या खर्चानं नाही, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. समोर सरकारचा वकील उभा असतो आणि अलीकडे कधी कधी एकटं लहान मूल. मुंबईवर हल्ला करणाऱ्या कसाबलाही सरकारी खर्चानं वकील दिला गेला, त्यावरून तेव्हा कितीजण चिडले होते हे आपल्याला आठवत असेल. या मुलांचं ऐकलं की त्या निर्णयाचं मोठेपण नव्यानं कळतं. इथं ती जागा फुकट काम करणारे वकील भरून काढतात, जमेल तेवढी. २०१७ च्या जानेवारीत सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी झाली, तेव्हा न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर शेकड्यानं वकील गोळा झाले. हातात कागदी फलक घेऊन ते अडकलेल्यांच्या नातेवाइकांना शोधत होते आणि जमिनीवर बसून लॅपटॉपवर अर्ज लिहीत होते.

ताई त्या मानानं फारच थोडं करतात आणि ते त्याही कबूल करतात. त्या फॉर्म भरून देत नाहीत, कुणाच्या केसची हमी घेत नाहीत. गुंता मोठा असेल तर ‘‘हे टेबलावर सुटणारं नाही, पैसे खर्च करा, वकील लावा’’ असं तोंडावर सांगतात. आपल्याकडे यायचा आग्रह करत नाहीत. जाल तिथं काय विचारायचं ते कागदावर उतरवून देतात. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांना हे आवडत नाही. फुकट द्यायचं तर पूर्ण द्यावं, अर्ध्यावर सोडू नये, असं त्यांचं मत. मला ते पटत नाही. अर्धवट ज्ञानावर पूर्ण उत्तरं देणारी माणसं आमच्यात उदंड आहेत, मीही त्यांतलाच. पूर्ण ज्ञान असून आपल्या उत्तराची हद्द आखणारं माणूस सबंध कॅफेटेरियात एकच आहे, आणि त्याच्यासमोरची खुर्ची कधी रिकामी नसते.