ओटावाच्या टेकडीवरचा झेंडा

कॅनडाला जाऊन आलेल्या मैत्रिणी टोरांटोचं सांगतात, नायगाराचं सांगतात. पण राजधानीचं ओटावा बहुतेकींचं राहूनच जातं. लेक-जावयाकडे जाणार असाल तर दोन दिवस तिकडे काढाच. थंडीत मात्र नको, बरं का! पारा शून्याखाली वीस अंशांवर उतरतो.

नदीकाठच्या टेकडीवर पार्लमेंटच्या दगडी इमारती आहेत. पाहण्यापूर्वी पर्समधली वीस डॉलरची नोट काढा. तिच्यावर कोण? इंग्लंडची राणी एलिझाबेथ! २०२३ पासूनच्या नाण्यांवर राजा चार्ल्स. आपण १९५० साली नाण्यांवरून राजा उतरवून सिंहमुद्रा बसवली. यांचा राजा अजून आहे. मे २०२५ मध्ये ओटावाला येऊन त्यानंच संसदेचं अधिवेशन सुरू केलं.

मग हा देश स्वतंत्र झाला केव्हा? एक अशी तारीख सांगताच येत नाही. वेगळी चूल मांडली १८६७ साली, पण घटना म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटचा कायदा. तिच्यात मोठा बदल करायचा तर १९८२ पर्यंत कागद लंडनला जायचे. म्हणजे संसार सुनेचा आणि किल्ल्या सासूबाईंच्या कमरेला. खरं सांगायचं तर सासूबाई किल्ल्या द्यायला तयार होत्या. त्या घरात कुणी, कशा वापरायच्या यावर इथल्या प्रांतांचंच एकमत होईना!

झेंडाही तसाच होता. लाल कापड आणि कोपऱ्यात ब्रिटनचा युनियन जॅक. १९५६ साली हा कोपरा चांगलाच नडला. सुएझ कालव्यावरून ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलनं इजिप्तवर हल्ला केला. तेव्हा कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन यांनी तोड सुचवली, की दोघांच्या मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचं सैन्य उभं करा. पुढच्याच वर्षी त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. पण कॅनडानं पाठवायला काढलेल्या पलटणीचं नाव काय, तर 'क्वीन्स ओन रायफल्स'! गणवेश ब्रिटिशांसारखा, झेंड्यावर त्यांचीच खूण आणि नावात राणी. इजिप्तनं ही पलटण साफ नाकारली. हल्ला करणारा कोण आणि सोडवायला आलेला कोण, लोकांनी ओळखायचं कसं?

पिअर्सन १९६३ साली पंतप्रधान झाले आणि त्यांनी नव्या झेंड्याचा विषय काढला. संसदेत महिनोन् महिने रणं माजली. ज्यांची मुलं त्या जुन्या झेंड्याखाली लढताना गेली, त्यांना तो उतरवणं जिव्हारी लागलं. लागणारच हो! नोव्हेंबर १९६४ मधली एक गोष्ट मला फार आवडते. पंतप्रधानांना नमुन्याचे झेंडे दुसऱ्याच सकाळी फडकताना पाहायचे होते. शुक्रवारची संध्याकाळ, शिवणारं कुणी मिळेना. शेवटी एका अधिकाऱ्याची विशीतली लेक, जोन ओमॅली, रात्री मशीनवर बसली आणि तिनं ते शिवून दिले. शिवणकाम हा काही तिचा धंदा नव्हता, ती स्वतःचे कपडे शिवायची इतकंच. १५ फेब्रुवारी १९६५ ला मेपलच्या लाल पानाचा झेंडा टेकडीवर चढला.

ही टेकडी मुळात अल्गॉन्क्विन लोकांची. कुठल्याही करारानं त्यांनी ती दिलेली नाही. झेंड्यावरचा ब्रिटिशांचा कोपरा काढणाऱ्या याच देशानं मूळ रहिवाशांची दीड लाखांवर मुलं घरापासून तोडून चर्चच्या निवासी शाळांत घातली होती. मायबोलीत बोललं की शिक्षा. झेंडा बदलला तरी या शाळा चालूच राहिल्या. शेवटच्या बंद व्हायला १९९० नंतरची वर्षं उजाडली. मे २०२१ मध्ये कॅमलूप्सच्या अशाच एका शाळेच्या आवारात यंत्रानं तपासताना जमिनीखाली थडग्यांसारख्या खुणा आढळल्याची बातमी आली. टेकडीवर कारंज्याच्या मधोमध एक ज्योत तेवते. तिच्याभोवती लोकांनी लहान मुलांचे बूट आणून मांडले. वर मनोऱ्यावरचा मेपलचा झेंडा मेअखेरीला अर्ध्यावर उतरवला गेला आणि ७ नोव्हेंबरपर्यंत तिथेच राहिला.